तिनं स्वतःहून उचलावं म्हणून

मुलीला बालमंदिरात घालायचं ठरल्यावर मी सगळ्यात आधी घरातल्या मारायच्या वस्तू गोळा केल्या. वेताची छडी, मोडक्या खाटेचा पाय, ढोरं हाकायची काठी. तिन्ही चुलीत घातल्या. लोखंडी फुंकणीशिवाय चूल पेटत नाही आणि पट्टा नवऱ्याच्या कमरेला असे, म्हणून तेवढं राहिलं.

मग बाकीची तयारी. मी कामं ठरवून, एकामागून एक करते. त्याशिवाय मला सुचत नाही. पुढून बटणं लागणारा झगा शिवला, तिचा तिला घालता यावा म्हणून. तिच्या हाताला पेलेल असा तांब्या घेतला. तिच्या उंचीला भिंतीत खुंटी ठोकली. पुसायला फडकं, झाडायला अर्धी केरसुणी. बालमंदिराच्या बाई वर्ध्याकडून शिकून आलेल्या होत्या. त्यांनी आम्हा आयांना बोलावून सांगितलं होतं : मुलाचं काम मुलाला करू द्या, सांडलं तर त्यालाच पुसू द्या, आणि हात उचलू नका. शेवटचं ऐकून आयांमध्ये खसखस पिकली.

"मंग पोरं ऐकतीन कशी, बाई?" माझी शेजारीण म्हणाली. "आरती ओवाळाची काय त्याईची?"

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत आणि गडचिरोली त्यातच होती. आम्ही जंगलातल्या सागवानाच्या डेपोवर राहत होतो. नवरा शिक्केवाला. कूपातून, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यातून, तोडून आणलेल्या प्रत्येक ओंडक्याच्या कापल्या तोंडावर सरकारी शिक्क्याचा हातोडा मारायचा, हे त्याचं काम. शिक्का खोल उमटला नाही तर माल चोरीचा समजत. दिवसभर ते ठोके आमच्या घरात ऐकू येत. ते थांबले की मुलगी खाटेखाली जाई.

नवरा फार मारतो असं डेपोवर कोणालाच वाटत नसे. हमालाच्या हातून साखळी निसटली की जमादार त्याच्या तोंडात देई, हमाल ओंडके ओढणाऱ्या हेल्याला रक्त येईतो झोडपी, आणि संध्याकाळी घरोघर पोरांची पाळी. शाळेत घालायच्या पोराला आधी बापानं चांगलं बदडायचं, अशी तर तिथे रीतच होती. त्याला 'शिक्का लावणं' म्हणत. शिक्का लागलेलं पोर शाळेतून पळत नाही, ही समजूत. माझ्या दिरानं त्याच्या मुलाला असा शिक्का लावला तेव्हा पोराच्या कानातून रक्त आलं. त्या कानानं त्याला पुढे ऐकू आलं नाही. पण पोरगं शाळेत टिकलं, असं दीर छाती काढून सांगे.

बालमंदिर डेपोमागच्या रिकाम्या गोदामात भरे. भिंतीशी बुटक्या फळ्या, त्यांवर मणी, रंगीत ठोकळे, पाण्याच्या लहान सुरया, चिंध्यांची बाहुली, खुंट्या ठोकायची पाटी आणि तिची लाकडी मोगरी. काय घ्यायचं ते बाई सांगत नसत. मुलं आपल्या मनानं उठत, हवी ती वस्तू घेत आणि खेळून झालं की जागेवर ठेवत. माझी मुलगी भिंतीला पाठ लावून बसली. शेजारच्या पोरानं फळीवरचा ठोकळा काढायला हात वर केला, तर हिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. सगळी सकाळ ती तशीच.

सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. "मुलगी हुशार आहे, पण ती हुकमाची वाट बघते. इथे हुकूम नाही. रोज आणा. तिनं स्वतःहून, कोणी न सांगता, एक वस्तू उचलली की मी नाव लावते. पोळ्यापर्यंत नाही उचलली, तर जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल."

मला ते नाव लागायलाच हवं होतं. पावसाळा संपला की नवऱ्याची नेमणूक आतल्या कूपावर होणार होती. नाव लागलं तर पोरीच्या शिक्षणासाठी मी डेपोवरच राहते, असं म्हणायला मला जागा होती. नाही तर आम्ही दोघी त्याच्याबरोबर जंगलात, गवताच्या झोपडीत, जिथे ओरडलं तर ऐकायलाही कोणी नाही.

रोज दुपारी, डेपोतले ठोके चालू असेपर्यंत, आम्ही ओसरीवर तांब्यातलं पाणी पेल्यात ओतायचा सराव करायचो.

"सांडलं तं मारशीन काय, माय?"

"नाही."

"लय सांडलं तं?"

"पुसशील."

"अन् बाबा आले तं?"

मी फडकं तिच्या हातात दिलं.

पोळा तोंडावर आला तेव्हा शेजारीण नवऱ्याला बोलून गेली, "तुमची पोरगी तिथी मुक्यावानी बसते म्हन्ते, भाऊ." तो तसाच घरात शिरला.

"रेंजरसायबाची पोरगी उचलते अन् माही काऊन नाई उचलत? तू काय तयारी करून राह्यली एवढ्या दिवसाची?"

"तिला भीती वाटते. तुम्ही जरा दमानं घ्या."

"शिक्का लावल्याबिगर कुठी काई होते काय? मीच करतो तयारी."

त्यानं तांब्या तिच्यापुढे आपटला. "उचल!"

तिनं उचलला. पाणी हिंदकळून जमिनीवर पडलं. त्यानं तिच्या मुस्कटात मारली.

"सांगितल्यावर नाई! आपल्या मनानं उचल!"

ती थांबली. त्यानं पट्टा काढला. "आपल्या मनानं उचल म्हन्तो ना! उचल!" ती उचले, तर सांगितल्यावर उचललं म्हणून पट्टा, न उचले, तर उचललं नाही म्हणून पट्टा. नाकातलं रक्त नव्या झग्यावर उतरलं. मी मध्ये पडले, तेव्हा त्यानं चुलीजवळची फुंकणी घेतली आणि माझ्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला आला. त्यालाही आला असावा, कारण तो थांबला आणि बिडी पेटवायला बाहेर गेला.

"उद्या पाह्य," बाहेरून म्हणाला, "उचलते का नाई."

शेजारणीनं कामट्या लावून माझा हात बांधून दिला. एका हातानं मी झग्याचं रक्त गार पाण्यात धुतलं आणि झगा चुलीवर वाळवला.

सकाळी तो स्वतःच तिला घेऊन निघाला. मी मागून. तो गोदामाच्या दारात उभा राहिला. मुलगी आत गेली आणि भिंतीशी न बसता सरळ फळीपाशी गेली. तिनं मोगरी घेतली. मग बाहुली घेतली, भिंतीला टेकवून बसवली आणि मोगरी तिच्या तोंडावर हाणली.

"उचल!" ती ओरडली. "आपल्या मनानं उचल!" आवाज त्याचा, मधलं खाकरणंसुद्धा त्याचंच. मोगरी पडत राहिली. बाहुलीचं डोकं उसवलं, चिंध्या बाहेर आल्या, तरी ती मारतच होती. बाईंनी बाकीच्या मुलांना हातानंच मागे घेतलं आणि त्या मध्ये न पडता उभ्या राहिल्या.

नवरा हसला. "पाह्य, कशी माह्यावानी मारते!" दुसरं कोणी हसलं नाही. मग त्याचं तोंड उतरलं. "बंद करा ना हे! पोरगी पागल झाली काय?" तो मोगरी ओढायला आत घुसला.

बाई आडव्या आल्या. "इथे मुलाच्या हातातलं कोणी ओढत नाही."

"सरका, बाई!" त्यानं हात उगारला.

त्याबरोबर गोदामातल्या सगळ्या मुलांनी डोक्यावर हात घेतले. एकट्या माझ्या मुलीनं नव्हे. ठोकळे सोडून, मणी सोडून सगळ्यांनी, रेंजरसाहेबांच्या मुलीनंसुद्धा.

तो हात वर धरून त्यांच्याकडे बघत राहिला. मग हात खाली घेतला आणि डेपोकडे चालता झाला. बाई भिंतीला टेकल्या.

"तिनं उचललं," त्या मला म्हणाल्या. "नाव लावते."

त्यानंतर बरेच दिवस मुलीनं दुसऱ्या वस्तूला हात लावला नाही. बाईंनी मोगरी काढून घेतली नाही. खुंट्यांची पाटी मात्र तिला दिसेल अशी मोगरीशेजारी ठेवली. हळूहळू ती बाहुलीऐवजी खुंट्या ठोकू लागली.

पावसाळा संपल्यावर कूपावर जायला गाडी आली. मी त्याची भांडी, अंथरूण, धान्य वेगळं बांधून ठेवलं होतं. "आम्ही येत नाही. पोरीचं नाव लागलंय," मी म्हणाले. त्यानं गाडीवाल्यासमोर मला मारलं. मी पडले, उठले आणि राहिलेलं गाठोडं चांगल्या हातानं गाडीत चढवलं. "चाला ना, भाऊ, ऊन होते," गाडीवाला म्हणाला. नवरा शिक्क्याचा हातोडा मांडीवर घेऊन बसला. गाडी हलली.

गोदामातून मोगरीच्या ठोक्यांचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला. मी अंगणात उभी राहून कान दिला. जरा वेळानं तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा मी आत जाऊन चूल पेटवली.