कौतिकाआत्या आणि मोडलेल्या लग्नांच्या ताटल्या

कौतिकाआत्या दुकानात शिरली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "भाऊ, इकल्या जाऊन नाही राह्यलं, असं काय हाये?"

दुकानदार नवा असला की गोंधळायचा. त्याला वाटायचं, बाई टोमणा मारते. जुना असला की न खपलेला माल काढायला मुकाट्यानं माळ्याला शिडी लावायचा. आपल्याला काय हवं आहे हे आत्यानं जन्मात कुठल्या दुकानदाराला कळू दिलं नाही. ती म्हणायची, "आपली गरज सांगतली का भाव चढला. त्याची अडचन इचारली का भाव उतरला." एकदा साखर आणायला म्हणून ती रिसोडला गेली आणि तेवीस रबरी हातमोजे घेऊन आली. तेवीसच्या तेवीस डाव्या हाताचे. आईनं साखरेचं विचारलं तर म्हणाली, "साखर कुठी पळून चालली?" त्या वर्षी आमच्या घरच्या सगळ्यांनी हळद डाव्या हातानं शिजवली.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर सहा महिन्यांत सासरच्यांनी तिला आणून सोडलं, ती कायमची. कारण त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. रिसोडपासून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. चार एकर शेती, सोयाबीन आणि हळद. शेत वडिलांचं, चूल आईची आणि बाजार आत्याचा, अशी वाटणी माझ्या जन्माआधीच झालेली होती.

भांड्यांच्या दुकानात तर तिला खाणच सापडली. आमच्याकडे लग्नात वाटायच्या ताटल्यांवर नवरा-नवरीचं नाव टाकून घेतात. नाव टाकून झाल्यावर लग्न मोडलं तर त्या ताटल्या कोण घेणार? आत्या घेणार, आणि तेही किलोवर. मी बारावी होईपर्यंत आमच्या फडताळात सहा मोडलेली लग्नं जमली होती. आई ओरडायची, "मीने, गजानन-ज्योती घासले का?" वडिलांना संतोष-वैशालीतच जेवण लागायचं, कारण तिची कड उंच होती, वरण सांडत नसे. शेजारीण एकदा म्हणाली, "कौतिकाबाई, अपशकुन असते हे." आत्यानं ताटली तिच्या डोळ्यांपुढे फिरवली. "लगन त्यायचं मोडलं माय. इले तं पोचाबी नाही."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी न विचारता सांगते आणि सांगत राहणार. पण ते होता होता राहिलं असतं. बी.कॉम.च्या शेवटच्या परीक्षेला दोन महिने होते आणि मला स्थळ आलं. मुलगा एकुलता, घरचं कृषी सेवा केंद्र, हुंडा नको. फक्त लग्न महिन्याच्या आत पाहिजे. परीक्षा लग्नानंतर देईल, असं मध्यस्थानं सांगितलं. लग्नानंतर परीक्षा दिलेली एकही मुलगी आमच्या गावात मला माहीत नव्हती. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. वडील एकच म्हणायचे, "असं स्थळ पुन्हा येत नाही, बाई."

आत्या फक्त एवढंच म्हणाली, "बिनहुंड्याचा हाये? म्हंजे इकल्या जाऊन नाही राह्यला." हे कौतुक होतं की शंका, ते कळलं नाही. तिच्या तोंडी दोन्ही सारखंच वाटायचं.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील. मुलाचं नाव इथे नितीन लिहिते, खरं वेगळं आहे. त्याचे वडील बैठकीत टेकता टेकताच म्हणाले, "आमी पयल्यांदाच पोरगी पाहाले निंगालो. पयलं घर तुमचंच."

मी पोहे दिले. नितीनराव भराभर खात होते, ते एकदम थांबले. ताटलीत निरखून पाहिलं. मग कडेचे पोहे चमच्यानं मधे ओढले आणि म्हणाले, "थोडे अजून भेटतीन का?" मी वाढले. थोड्या वेळानं पुन्हा मागितले. चौथ्या वेळी आत्या फुलून गेली. "पोट्ट्याले पोहे लई आवडले व!" तेवढ्यात त्याचे वडीलही खाता खाता थबकले आणि त्यांनीही पोहे मागितले. बापलेक घामाघूम होऊन खात होते, पण ताटलीचा तळ उघडा पडू देत नव्हते. शेवटी कढई संपली.

मी ताटली घ्यायला हात पुढे केला. नितीनराव ती सोडेनात. मी ओढली, त्यांनी ओढली. पोहे सतरंजीवर उडाले आणि तळ दिसला. त्यावर त्यांचंच नाव, आडनाव, गाव, आणि पुढे सुवर्णा नावाची मुलगी. त्या ताटलीत मी दोन वर्षं जेवत होते. पण रोजच्या ताटलीत कोण वाचतं? त्या दिवशी मात्र वाचलं, आणि कॉलेजात जात असल्यामुळे मोठ्यानं वाचलं.

मग मुलाच्या आईनं आपली ताटली उचलली, कड चाचपली आणि हरखून म्हणाली, "अव माय, ह्या तं मीच पसंत केल्या होत्या!"

"काहून मोडलं होतं, बापा?" आत्यानं नितीनरावांना अगदी मायेनं विचारलं.

"पत्रिका..." त्यांच्या वडिलांनी सुरुवात केली.

"तिले परीक्षा द्याची होती," नितीनराव खाली पाहून म्हणाले. "बाबा म्हणे, आधी लगन. तिनं नाही म्हणून देल्लं."

"मंग देल्ली का तिनं परीक्षा?"

"देल्ली. नोकरीवर हाये आता."

आत्यानं मान वळवली आणि माझ्या वडिलांकडे पाहिलं. पाहतच राहिली. वडिलांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पाव्हणे," ते म्हणाले, "आमची पोरगीबी आधी परीक्षाच देईन."

निघताना मुलाच्या वडिलांनी आत्याला बाजूला घेतलं. "बाई, अशा किती हायेत?"

"एकावन."

"आमाले वापस द्या."

आत्यानं भाव सांगितला. तो नव्या ताटल्यांहून जास्त होता. त्यांनी घासाघीस केली, हात जोडले, पायरी उतरून जाऊन परत आले. आत्या ढिम्म. "एकच भाव, भाऊ. आता गरज तुमची हाये." खरकट्या तीन ताटल्यांसकट पोतं त्यांच्या गाडीत गेलं. जन्मभर घेत आलेल्या आत्यानं विकलेली ही एकच गोष्ट.

दीड वर्षापूर्वी आत्या गेली. दुपारी झोपली ती उठलीच नाही. तिची आठवण निघाली की घरचे ताटल्यांचीच गोष्ट सांगून हसतात. मला मात्र पदवीचा कागद घरी आणला तो दिवस आठवतो. सगळ्यात आधी तो तिच्याच हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उजेडाकडे धरला, चिमटीत धरून जाडी पाहिली आणि मग उलटा केला.

"तीन वर्षं पैसे घेतले," ती म्हणाली, "अन् इकडून काहीच नाही छापलं?"

"आत्या, ते एकाच बाजूनं असते."

ती कितीतरी वेळ त्या कोऱ्या बाजूवरून हात फिरवत राहिली.

"काहून एकाच बाजूनं? उद्या जाय त्यायच्याकडे. म्हन, इकडूनबी भरून पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी मी वाशीमला गेले आणि एम.कॉम.चा फॉर्म भरून आले.