कुणाचाच दोष नाही

उभ्या सोलापुरात कुणावरही कधीही न रागावलेला माणूस एकच होता, आणि तो आमच्या चाळीत, माझ्या शेजारच्या खोलीत राहत होता. गिरणीत ते फिटर होते. वीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढून त्यांचं ठाम मत झालं होतं की माणूस म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन धावणारा धोटा. "धोटा हिकडनं तिकडं पळतो, त्यो काय सोताच्या मनानं? मागनं दांडकं बसतंय की! तसंच आपलं." त्यामुळे दोष कुणाचाच नाही. देवळाबाहेरून त्यांच्या कोऱ्या वहाणा गेल्या आणि आठवड्यानं बाजारात एका गृहस्थाच्या पायात दिसल्या, तेव्हा मी बाह्या सरसावल्या, यांनी मात्र आपुलकीनं विचारलं, "चावत न्हाईत न्हवं?" तो बिचारा वहाणा तिथंच टाकून पळाला. चांगुलपणाचं श्रेयही ते कुणाला देत नसत, स्वतःला तर नाहीच. तळ्यात पडलेलं पोर त्यांनी बाहेर काढलं, तर पाया पडणाऱ्या आईला म्हणाले, "माजं काय न्हाई त्यात, बाई. पवायला येतंय, म्हणून उडी पडली."

आम्हाला ऐकायला मजा यायची. वहिनींना मात्र याच्याशी संसार करायचा होता. भाकरी करपली तर दोष तव्याचा, शेंगाचटणी झकास झाली तर गुण शेंगांचा. एकदा त्यांनी मुद्दाम कालवणात मूठभर मीठ घातलं. फिटर शांतपणे जेवून उठले. दुसऱ्या दिवशी वहिनी मंद्रूपला माहेरी निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "भावजी, ह्येंचा राग न्हाई, कवतिक न्हाई. मग मी हाय तरी कुटं ह्या घरात? न्यायला आले तर येईन."

मंद्रूप काही विलायत नव्हे. पण "जायचं असंल तर पाय आपसुक निघतील," म्हणून फिटर थांबून राहिले. दर बाजारच्या दिवशी दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून मंद्रूपच्या गाड्या येतात तिथं जाऊन उभे राहायचे आणि एकेका गाडीत डोकावायचे. मी चिडायचो, ते हसायचे. असं वर्ष गेलं. मग एका गाडीवाल्यानंच निरोप आणला, वहिनी तापानं गेल्या.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. धीर द्यायचा म्हणून त्यांचंच बोलणं त्यांना ऐकवलं, "ठरलेलं होतं. तुमच्या हातात काय होतं?"

आयुष्यात पहिल्यांदा ते ओरडले. "माज्या हातात हुतं! मला जाता येत हुतं. तेवढं तरी माजं ऱ्हाऊ द्या."

पुढं त्यांनी धोट्याचं नाव काढलं नाही. जगाला पूर्वीसारखीच माफी होती. दोषी धरलं ते एकाच माणसाला. आता तेही नाहीत. त्यांच्याशी मी जन्मभर वाद घातला, पण गिरणीचा भोंगा झाला की अजून मनापासून वाटतं, निदान त्यांच्यापुरतं तरी त्यांचं ते धोट्याचं म्हणणंच खरं असावं.