रिकाम्या हंड्यातला रियाज

आमच्या नव्या वसाहतीत नळ आधी आले, पाणी मागून. मागून म्हणजे लई वर्षांनी! दुष्काळ होता, शहर मात्र कारखान्यांच्या बाजूनं वाढतच होतं, आणि आम्ही बाया टँकरच्या रांगेत. घरात मी, मालक आणि सासूबाई. खोली एकच.

मालक शहरातल्या औरंगपुऱ्यात टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. एकदा एका मोठ्या हॉटेलातल्या पियानोवाल्याचा टेप घरी आणला, आत कॅसेट अडकलेली. दुरुस्त झाला तशी त्यातून एक बाई गायला लागली. इंग्रजी मला काय कळणार, चौथी शिकलेली मी! पण तिचा आवाज पोटातून यायचा. तापात कण्हावं तसा, तरी गोड. महिनाभरात सगळी गाणी पाठ झाली, अर्थासकट नाय, श्वासासकट.

पण म्हणायची कुठं? सासूबाईंचं एकच, "सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये." मग मी रिकामा हंडा मांडीवर घ्यायची, त्यात तोंड घालून गायची. त्या वर्षांत रिकाम्या हंड्यांना काय तोटा! आवाज आतच फिरायचा आणि माझ्याच कानात परत यायचा.

टेप परत देताना मालक फुशारकीत बोलून गेले, "आमची मंडळी हीच गाणी म्हणती." पियानोवाल्याच्या हॉटेलातल्या बँडला गाणारी पायजेच होती. त्यानं मला बोलावलं. वाटलं, आता सुटले या खोलीतून.

हॉटेलात माईक समोर आला आणि मी हंड्याचा काठ धरावा तसा तो दोन्ही हातांनी धरला. मान खाली.

"बाई, वर बघा. लोकांना चेहरा दिसू द्या."

वर बघितलं की आवाजच फुटेना. तीनदा झालं.

"राहू द्या," तो म्हणाला.

मी रडकुंडीला आले. "साहेब, एकदाच खाली बघून म्हणू द्या."

त्यानं सावकाश वाजवलं. गाणं संपलं तरी त्याची बोटं पट्ट्यांवरच. मग म्हणाला, "अशाच गा. शनिवारपासून या."

घरी सासूबाई म्हणाल्या, "शनिवारी टँकर असतो."

"भरूनच जाईन."

"आणि तिथं गा, इथं नाय."

कित्येक वर्षं मी तशीच जात राहिले, हंडे भरून, ओल्या काठाच्या लुगड्यात. नाव झालं, इतर हॉटेलंही बोलवायला लागली. पाहुण्यांना वाटायचं, खाली मान घालून गाणं ही बाईची अदा हाये. मी कधी खुलासा केला नाय. सासूबाई जाऊन जमाना झाला, नळाला पाणी आलं. मान वर करून मला अजून गाता येत नाय.