बॉनेटवरचा हात

मोटारवेड्या मंडळींनो, वाचनालयाच्या फळ्यावर मुद्दाम लिहितोय. विलायतेहून आलेल्या डॉक्टरांच्या स्पोर्ट्स मोटारीपुढं आज सकाळी आपण केवढे भांडलो! व्हॉल्व्ह इंजिनाच्या डोक्यावर बरे की बाजूला? इंजिन समोर चालूच होतं.

कापडगिरणीतले जुने फिटर नरसय्यामामा आपल्यातच उभे होते. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान कधीच गेलेत, म्हणून त्यांना कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

त्यांनी बॉनेटवर तळवा टेकला, डोळे मिटले. "एक सिलिंडर मागं ऱ्हातोय की."

डॉक्टरांनी इंजिन बंद करून त्या सिलिंडरचा प्लग काढला, तर तेलानं माखलेला. पुसून बसवला, इंजिन पुन्हा चालू केलं. मामांनी पुन्हा हात ठेवला आणि तान्ह्याला थोपटावं तशी मोटार थोपटली. "आता लई ग्वाड चालतीया."

आपले कान तर शाबूत आहेत. मग खरं सांगा, सकाळी ते इंजिन ऐकलं कुणी?