आमच्या सॉसचा टर्नअराउंड

झोप लागत नसली की किस्से भराभर साठतात. पूर्वी माझ्या लेकीला, ओवीला, ताप तर नाही ना, या काळजीनं मी जागी राहायचे. हल्ली तिच्या अंगाला हात लावून झाला की कंपनीची काळजी सुरू होते.

कंपनी म्हणजे नारायणगावजवळची आमची शेतकऱ्यांची टोमॅटो सॉसची कंपनी. गावातले आप्पा चेअरमन, मी मॅनेजर. एमबीए झालेली सून गावात दुसरी नव्हती, एवढीच माझी गुणवत्ता! सॉस खपेना. पुण्याच्या एका गुंतवणूकदारांनी पैसे घातले तर गाडी रुळावर येईल. नाहीतर शटर खाली, आणि कढईवरच्या बायका घरी.

*

या गुंतवणूकदार साहेबांनी आधी कन्सल्टंट पाठवला. टायवाला, चकाचक. आल्या आल्या त्यानं कढईपाशीच विचारलं, "इथला बर्न रेट काय आहे?" म्हणजे महिन्याला किती पैसे जळतात.

कढई ढवळणाऱ्या मंदाताईंनी मान वर केली. "पयलं लई व्हता साहेब! आता गॅस बारीक ठेवते. करपत न्हाई."

त्यानं गंभीरपणे टाइप केलं : बर्न रेट नियंत्रणात. आमच्याबद्दल आलेला तो पहिला चांगला शेरा!

*

मग खर्चकपात. आमच्या मीटिंगमध्ये चहाच्या आधी शाल-श्रीफळ होतं. पाहुणा नसला तर संचालक एकमेकांचाच सत्कार उरकून घेतात. मी घाबरत घाबरत म्हटलं, "हे बंद करूया का?"

मला वाटलं, संपलं माझं. पण एक संचालक उठले आणि सत्कारबंदीचा ठराव त्यांनीच मांडला. एकमतानं मंजूर!

आप्पांना भरून आलं. "असा धाडसी ठराव आजवर कुनी मांडला न्हवता. आना रे शाल!"

*

लेबल जुनाट दिसतं, असं कन्सल्टंटचं मत पडलं. आप्पांनी नव्या लेबलचं काम वाढदिवसाचे फ्लेक्स करणाऱ्या दुकानात दिलं. ओळखीतला माणूस, दुसरं काय! मी टोमॅटोचं छान चित्र पाठवलं.

लेबलं आली. टोमॅटो कोपऱ्यात, मधोमध गॉगल लावलेले आप्पा. वर 'युवकांचे आशास्थान', खाली 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार', आणि फोटोला अगदी चिकटून 'उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे'!

मी कपाळाला हात लावला. आप्पा बराच वेळ लेबल न्याहाळत राहिले.

"टोमॅटो अजून जरा बारका व्हईल का, मॅडम?"

*

शेवटी साहेब स्वतः आले. सगळं फिरून पाहिलं आणि आप्पांना म्हणाले, "समजा मी पैसे घातले, तर माझी एक्झिट कशी?" म्हणजे पुढे आपला हिस्सा विकून बाहेर कसं पडायचं. मी तोंड उघडायच्या आत आप्पांनी बोट दाखवलं.

"हे मागचं दार हाय की, पावणं! फक्त दिस मावळायच्या आत निघा. पल्याड ऊस हाय, बिबट्या असतो."

साहेब दिवस मावळायच्या बरेच आधी निघाले. पुन्हा येऊन निर्णय सांगतो म्हणाले.

*

ते पुन्हा आले, त्या दिवशी आमची तयारी कडेकोट होती. आप्पांनी 'अडचण' म्हणायचं नाही, 'संधी' म्हणायचं. मंदाताईंनी नुसतं हसायचं. बालवाडीला सुट्टी, म्हणून ओवी माझ्याबरोबर. तिलाही शिकवून ठेवलं, सॉसचं काही विचारलं की 'लई भारी' म्हणायचं.

सगळं सुरळीत झालं. आप्पांनी तर संधींचा नुसता पाऊस पाडला! साहेबांनी कागद पुढे ओढले, पेन काढलं. मंदाताईंनी हसता हसता माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

तेवढ्यात साहेबांचं लक्ष ओवीकडे गेलं.

"काय बेटा, सॉस कसा आहे?"

"लई भारी!"

"रोज खातेस?"

"लई भारी!"

साहेब खळखळून हसले. पेन हातात तसंच धरून तिच्यासमोर उकिडवे बसले. "आणि आता खरं खरं सांग. कसा आहे?"

ओवीनं साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, खरं खरंचं उत्तर तू शिकवलंच नाहीस!"