लेकीने होडी फिरवली नाही

जुन्या जालन्यातलं कापडाचं दुकान बंद ठेवून मी कोकणात लेकीकडे गेलो, ते समुद्र बघायला नव्हे. तिला कायमची घरी आणायला. हे तिला सांगितलं नव्हतं, त्याची बोच अजून जात नाही. समुद्राचं पाणी किती गरम आहे ते मोजायचं आणि डॉल्फिन कुठे दिसतात ते लिहून ठेवायचं, हे तिचं काम. चारचौघांत ते सांगायची मला लाज वाटायची.

होडीत बसल्यावर मी विचारलं, "पाणी मोजून डॉल्फिन कळतेत व्हय?"

"पप्पा, आपल्या शिवारात धनगर कधी येतेत?"

"चारा असंल तवा."

"बराबर. पाणी लई गरम झालं की मासळी गारव्याला खोल जाती, न्हाईतर लांब सरकती. डॉल्फिन तिच्यामागं. देवमाशाचंबी तसंच. त्याच्या अंगावर चरबीची गोधडी असती, गारठा सोसतो. पण पोट तर भराया पाहिजे."

"मंग धनगरालाच विचार की, पाण्याला कशाला?"

"धनगर बोलतो. हे डॉल्फिन कुठं आपल्याशी बोलतेत?"

थोड्या वेळाने मला होडी लागली. पोटातलं सगळं बाहेर आलं, तरी उमासे थांबेनात. होडीवाला म्हणाला, "बाय, बाबांक सोसणा नाय. फिरवूया?"

खरं सांगतो, तिने फिरवावी असंच मला वाटत होतं. मग म्हणता आलं असतं, बघ, हे आपल्या लोकांचं काम नाही.

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, लिंबू हातात दिलं. "मोजायची एकच जागा राह्यली, पप्पा. आज चुकली तर मागच्या सालाशी ताडून बघता येणार न्हाई. खाली बघू नका, किनाऱ्याकडं बघा." आणि होडीवाल्याला म्हणाली, "चला पुढं."

मला राग आला. मग मी तिच्याकडे बघत राहिलो. दोरीला बांधलेलं यंत्र तिने खोल सोडलं, आकडा मोठ्याने वाचला, लिहिला, आणि खात्रीसाठी पुन्हा सोडलं. मी आयुष्यभर कापड मोजलं. गप्पा रंगल्या की माझं माप सैल व्हायचं. ही शेजारी बाप ओकत असताना दोनदा मोजत होती.

डॉल्फिन दिसलेच नाहीत. "पाणी गरम हाये, वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि दिसले नाहीत हेही तिने लिहून ठेवलं. माझा ऊर भरून आला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "बोललात का तिला, घरी चल म्हणून?"

"न्हाई. तूबी बोलू नको."

"का वं?"

"बाप एवढा ओकून राह्यला, तरी पोरीनं होडी फिरवली न्हाई!"

"अगं बाई! रागावू नका तिच्यावर, लेकरू हाये," ती मला समजावू लागली.