वसईच्या किल्ल्यात अण्णा ओरडले

रविवारी वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. आज बुधवार... आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

हट्ट अण्णांचा होता. अण्णा म्हणजे माझे वडील, वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी भायखळ्याच्या एका कारखान्यात दगडावर अक्षरं कोरली. बंगल्यांच्या पाट्या आणि जास्त करून कबरींवरचे दगड.

खोताच्या वाडीतल्या एका गिऱ्हाइकाने त्यांना कधीकाळी सांगितलं होतं की वसईच्या पडक्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या कबरींच्या दगडांवर चारशे वर्षांपूर्वीची अक्षरं आहेत. गिरगावातल्या आमच्या घरापासून दोन तासांवर... पण आमचं जाणं आयुष्यभर राहूनच गेलं. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, तर म्हणाले, ‘त्याच्या आधी एकदा ने, नंतर दिसलंच नाही तर?’

मला वाटलं होतं चार बुरूज आणि एक तोफ असेल. हे तर तटबंदीच्या आत आख्खं शहर! रस्ते, चर्च, घरांची जोती... झाडांची मुळं भिंतीत शिरलेली, आणि तरी कुठून कुठे वाट जायची ते कळतं.

चर्चमध्ये शिरल्या शिरल्या अण्णा चप्पल काढून जमिनीवरच बसले. बाटलीतलं पाणी एका दगडावर ओतलं, रुमालाने पुसलं, आणि पोर्तुगीज अक्षरं वर आली. त्यांना त्यातला एकही शब्द वाचता येत नव्हता. पण बोटं फिरवत होते आणि हसत होते.

‘हे बघ, ओळीच्या शेवटी जागा कमी पडली त्याला. शेवटचं अक्षर दाबून बसवलंय. अंदाज चुकला रे बिचाऱ्याचा.’

मी फोटो काढत होतो. इतके खूश अण्णा मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

तेवढ्यात सात-आठ जण आले. प्री-वेडिंग शूट. जोडपं नटलेलं, बरोबर फोटोग्राफर, त्याची माणसं, बॅगा, लाइटचे स्टँड. ‘काका, जरा साइडला घ्या, फ्रेममध्ये येताय.’ अण्णांना उठायला वेळ लागतो, तर एकाने त्यांच्या दंडाला धरून चक्क उचललं.

मी काय केलं? काही नाही. ‘जाऊ दे अण्णा, पाच मिनिटांत आटपतील,’ म्हणालो. याचाच राग मला सगळ्यात जास्त आहे.

त्यांना कमानीतून लाल जाळीचं लांबच लांब कापड सोडायचं होतं. वरचं टोक खिडकीला बांधलं. खालचं बांधायला काही मिळेना, तर एकाने बॅगेतून हातभर... बरं, वीतभर खिळा काढला आणि त्या कोरलेल्या दगडाच्या भेगेत हातोडीने ठोकायला लागला.

मला फक्त ठकठक ऐकू आली. अण्णांना वेगळं काहीतरी ऐकू आलं.

‘अरे थांब! दगड फाटतोय! आवाज बदललेला कळत नाय तुला?’

गिऱ्हाईक वाट्टेल ते बोललं तरी ज्यांचा आवाज कधी चढला नाही, ते अण्णा असे ओरडले की वरची कबुतरं उडाली. पण त्या माणसाचा हात सुटला होता. आणखी एक घाव बसला... आणि रुपयाएवढी कपची उडाली. अर्ध्या अक्षरासकट.

मग मात्र माझा संयम सुटला. मी त्या फोटोग्राफरला विचारलं, परवानगी आहे? ‘आहे ना, ऑफिसला आहे.’ मोबाइलवर दाखव म्हटलं, तर म्हणे रेंज नाही. मी गेटवरच्या वॉचमनला बोलवायला निघालो, तसा नवरामुलगा मध्ये आला.

‘सर, चिल. एवढं काय? तुमच्या कोणाची कबर आहे का ही?’

माझा हात उठणार होता, खोटं कशाला बोलू. पण अण्णाच बोलले, आणि आता अगदी हळू.

‘कबर कोणाची ते मला वाचता येत नाय. पण हे ज्याने कोरलं ना, तो माझ्या धंद्यातला होता. महिना महिना बसला असेल इथे पाठ मोडून.’

मग ती मुलगी, होणारी नवरी, पुढे आली. तिने कपची उचलून अण्णांच्या हातावर ठेवली. ‘काका, हे परत बसेल?’

‘नाही.’

तेवढंच. ना भाषण, ना शिव्या. तिचा चेहरा उतरला. फोटोग्राफरला म्हणाली, ‘सामान उचला, मला इथे नाही करायचं.’ नवरामुलगा ‘अगं, पूर्ण दिवसाचं बुकिंग...’ म्हणत राहिला. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यांच्यातला एक जण खिळा ओढायला वाकला, तर अण्णा पुन्हा कडाडले, ‘हात लावू नकोस! अजून जाईल!’ स्वतः खाली बसले. दोन बोटांनी खिळा केसभर इकडे, केसभर तिकडे... वीस-पंचवीस मिनिटं. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ती मुलगी तेवढा जड घागरा सावरत उकिडवी बसून मोबाइलचा टॉर्च धरून राहिली.

खिळा निघाला. पुढे काही तुटलं नाही. कपची आम्ही वॉचमनकडे दिली, दगड कुठला तेही नेऊन दाखवलं.

त्या नवऱ्यामुलावर मी अजून चिडलेलो आहे, आणि स्वतःवर त्याहून जास्त. ज्या अक्षरांचे मी मोबाइलवर कौतुकाने फोटो काढत होतो, त्यांच्यासाठी ओरडावं लागलं एका म्हाताऱ्या माणसाला.

त्या मुलीचं नाव विचारायचं राहिलं. कुठे असशील तिथे... बाई, तुझे उपकार आहेत. तू टॉर्च धरलास म्हणून अण्णांना त्या दगडावरची बाकीची अक्षरं वाचवता आली.